बिनवजनाच्या पुस्तकाचा भाव

मी तोंड उघडलं की भिलाईत लोक खुर्च्या ओढून जवळ येतात. माझ्यावर विश्वास नसेल तर आमच्या मराठी मंडळाच्या हॉलची फरशी बघा — खुर्च्या ओढून ओढून ती अशी गुळगुळीत झाली आहे की नवा माणूस दारातून पाय टाकतो तो थेट स्टेजपाशीच थांबतो. गणपतीत माइक बंद पडला तर मला उभं करतात, आणि माइक दुरुस्त झाला तरी खाली बसवत नाहीत. इतक्या गोष्टी सांगितल्या आजवर. काही घडलेल्या, बऱ्याचशा न घडलेल्या. पण ही एक — ही मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, गणपतीलासुद्धा नाही. आणि त्याच्यासमोर तर मी दरवर्षी दहा दिवस बसतो!

तुम्हाला का सांगतो आहे? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

एक आधीच सांगून ठेवतो. मी फुगवणारा माणूस आहे. जिथे फुगवेन तिथे तुम्हाला कळेलच, तुम्ही काही लहान नाही. आणि जिथे फुगवणार नाही तिथे मी म्हणेन — हे खरं. तेवढं धरून चला.

प्लांटमध्ये मी काट्यावर होतो. भट्टीवर नाही, रूळ बनतात तिथे नाही, काट्यावर. ट्रक आला की रिकामा तोलायचा. माल भरून आला की पुन्हा तोलायचा. भरल्यातून रिकामा वजा केला की उरतो तो माल. आयुष्यभर हेच केलं. एवढं लोखंड माझ्या डोळ्यांखालून गेलं आहे की त्याचे रूळ टाकले असते तर आज दुर्गहून चंद्रावर पॅसेंजर गाडी चालली असती, आणि तीही उशिरानं. मंडळात मला सगळे काटाबाबू म्हणतात. काटाबाबू म्हणजे भावाचा माणूस, हे ओघानं आलंच.

कारण आमच्या मंडळात पुस्तकाचा भाव हातावर ठरतो. ह्याला आम्ही हातभाव म्हणतो. आमचे वडील गोंदिया-भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून इथे आले तेव्हा मराठी पुस्तक मिळायचं कुठे? कुणी नागपूरला गेला की पिशवीत दोन-चार आणायचा. चुरगळलेली, कव्हर फाटलेली, छापील किमतीवर दुकानदाराची चिठ्ठी चिकटवलेली. मग पुस्तक रांगेतून हातोहात फिरायचं. प्रत्येकानं ते हातावर तोलायचं, वास घ्यायचा, मधेच कुठेतरी उघडून एक ओळ वाचायची आणि आपला भाव बोलायचा. ज्यानं ते आधीच वाचलं असेल त्यानं मात्र बोलायचं नाही — त्याचा हात हलका किंवा जड झालेला असतो, असं आमच्यात म्हणतात. शेवटचा भाव काटाबाबूचा. तो बोलला की संपलं. आपल्यातलं कुणी पुस्तक लिहिलं तर त्यालाही हाच नियम. काटाबाबू म्हणेल तो भाव लेखकानं हसून घ्यायचा.

आता माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट. ती ऐकल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या काळी भिलाईचं घड्याळ म्हणजे प्लांटचा भोंगा. त्यावर बायका कुकर लावायच्या, पोरं शाळेला निघायची. एक दिवस भोंगा भलत्याच वेळी वाजला. संध्याकाळच्या आधी, ज्या वेळी वाजायचं काहीच कारण नाही अशा वेळी. झालेलं काहीही नव्हतं. भोंग्याची तपासणी होती, एवढंच. पण गावाला काय माहीत? माझ्या गोष्टीत मात्र तो भोंगा पिसाळतो. थांबतच नाही. मोठमोठे साहेब कानात बोटं घालून टेबलाखाली शिरतात. मग हा पठ्ठ्या वर चढतो, डब्यातल्या उरलेल्या पोळ्या भोंग्याच्या तोंडात कोंबतो, आणि भोंगा शेवटचा असा एक श्वास सोडतो की मी उडून थेट गेटाबाहेर सायकलवर बसलेला! आणि गेटावर काय चाललेलं? — इथे मी थांबतो, पाण्याचा घोट घेतो — "गेटावर साऱ्या बाया रडून राहिल्या होत्या! अन् सगळ्यात मोठ्यानं कोण? आमची इंदू! मले वाटलं, दुसरा भोंगा सुरू झाला!"

हॉल कोसळतो. दर वेळी कोसळतो. इंदू म्हणजे माझी बायको. ती तिसऱ्या रांगेत बसून पदरानं चष्मा पुसते. सगळ्यांना वाटतं, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं असेल.

आता प्रणाली. रुआबांध्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या दोस्ताची मुलगी. इंदूच्या मांडीवर वाढलेली. सध्या कोहक्याच्या एका शाळेत शिकवते. दिवसभर हिंदी, घरी आली की मराठी. तिनं पुस्तक लिहिलं. प्लांटच्या वसाहतीतल्या, म्हणजे आमच्या सेक्टरातल्या बायकांचं — नवरे पाळीवर गेले की क्वार्टरात मागे काय उरायचं, त्याचं. नाव 'झाकून ठेवलेलं जेवण'. किती वर्षं ती बायकांकडे बसून ऐकत होती! आम्हाला वाटायचं, पोरगी चिवड्यासाठी येते.

नागपूरचा एक प्रकाशक तयार झाला, पण त्यानं सांगितलं, आधी ई-बुक काढू. तुमच्याच गावच्या लोकांनी पूर्ण भावानं घेतलं तर कागदावर छापू, नाही तर नाही. भाव त्यानं ठेवला दीडशे. छापलं असतं तर तीनशे. प्रणाली मंडळात आली. म्हणाली, "काका, माझ्या पुस्तकाचा हातभाव करा. तुम्ही दीडशे म्हटलं की इथले सगळे घेतील. मग छापलं जाईल. आईले हातात द्यायचं आहे मले."

तर कागदावर यायचं की नाही, हे त्या एका दुपारवर होतं. आणि ती दुपार माझ्या तोंडावर. हे खरं.

गणपतीच्या पाचव्या दिवशी कार्यक्रम ठरला. चौथ्या दिवशी प्रणालीनं इंदूच्या मोबाइलवर ते पुस्तक टाकून दिलं. इंदूचा एक डोळा ऑपरेशननंतरही नीट झाला नाही, म्हणून अक्षर मोठं करून दिलं. किती मोठं? दुकानाच्या पाटीएवढं! पडद्यावर दोन-तीन ओळी मावतील, बस. म्हणाली, "काकू, सगळ्यात आधी तुम्ही वाचा." इंदू म्हणाली, "नाही माय, उद्या भाव झाल्यावर उघडीन. आधी वाचलं तर मले बोलता नाही येणार. अन् तुह्या पुस्तकाचा भाव मले बोलायचा आहे."

मोबाइल टीव्हीजवळ ठेवून ती आरतीच्या तयारीला गेली. मी घरात एकटा.

मी तो का उचलला? वाचायला नाही. मला मस्करीला माल हवा होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर एखादं वाक्य नाचवून दाखवायचं, पाच-दहा टाळ्या घ्यायच्या. कागदाचं पुस्तक असतं तर मी चाळलं असतं, शेवट बघितला असता, ठेवून दिलं असतं. पण ह्यात पुढचं दिसतच नाही. अंगठा सरकवला की दोन ओळी. पुन्हा सरकवला की दोन. पळता येत नाही, उडी मारता येत नाही. मी उभा होतो तो बसलो. बसलो होतो तो — कसं सांगू? ज्या क्वार्टरात मी जन्म काढला त्याच्या भिंती कुणीतरी काचेच्या केल्या होत्या. ह्या बायका, ज्यांच्या हातचं मी खाल्लं, ज्यांना वहिनी-वहिनी म्हणत फिरलो — ह्या अशा होत्या? एवढं सगळं त्यांच्या आत चाललेलं, आणि आम्ही समोर बसून भाजीत मीठ कमी म्हणत होतो? मी आयुष्यभर गोष्टी सांगतो, मला गोष्टीची चव कळते. आणि त्या दुपारी मला कळलं की मी सांगतो ते फटाके आहेत. हिनं दिवा लावला आहे. एकही शब्द न फुगवता! मला वाटलं, उठावं आणि कुणाला तरी नमस्कार करावा. पण घरात होतं कोण? मोबाइलला करायचा?

हे खरं. नमस्कारासाठी हात वर आलेसुद्धा होते.

मग ते पान आलं. त्यात कुणाचं नाव नव्हतं. तरी मी पहिल्याच ओळीला ओळखलं.

ती गेटाकडे तोंड करून उभी होती, असं होतं तिथे. कणीक मळता मळता धावत आली होती, हाताची कणीक वाळून तडकायला लागली होती. बाकीच्या बाया रडत होत्या. ती रडली नाही. रडलं तर डोळे भरतील आणि आतून येणारा माणूस दिसायचा राहील, म्हणून. तो आतून आलाच नाही. तो तिच्या पाठीमागून आला. रस्त्यानं, उतई गावाकडून, सायकलवर. अंगाला मटणाच्या रश्श्याचा वास. तिला बघून एक पळ गडबडला, आणि मग सांगायला लागला — आत काय झालं, भोंगा कसा अडकला, तो वर कसा चढला. ती ऐकत राहिली. घरी जाऊन तिनं हात धुतले, त्याला वाढलं, आणि पुरेसं जेवला नाही म्हणून काळजी केली.

मी अंगठा सरकवला. पुढच्या पडद्यावर एकच वाक्य होतं. "त्याला भोंगा ऐकू गेला नसेल, असं ती मनात म्हणाली."

पुन्हा सरकवला. "आणि हे तिनं इतक्या वेळा म्हटलं, की पुढे ते खरंच झालं."

मी अंगठा उलटा फिरवला. मागच्या वाक्यावर आलो. तिथेच बसून राहिलो. मग पडदा काळा झाला आणि त्यात माझं तोंड दिसायला लागलं, तेव्हा मोबाइल होता तिथे ठेवून दिला.

इतकी वर्षं ती तिसऱ्या रांगेत बसून माझी गोष्ट ऐकत होती. सगळ्यात मोठ्यानं रडणारी म्हणून स्वतःला ऐकत होती. आणि एकदाही — एकदाही — तिनं मला लोकांसमोर, घरात, भांडणातसुद्धा, ते ऐकवलं नव्हतं. लोखंड वाकतं हो. मी वाकलेलं पाहिलं आहे. ही बाई काय आहे?

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या दिवशी मी उभा राहिलो आणि म्हणालो असेन, मी हे वाचलं आहे, मी बोलणार नाही. नियम तोच होता ना? किंवा म्हणालो असेन, दीडशे काय, तीनशे घ्या. असंच वाटतं ना तुम्हाला?

मी सकाळी उठलो आणि ओळखीच्या सोनाराकडून त्याचा छोटा काटा मागून आणला. हॉलमध्ये टेबलावर ठेवला. वरून कापड टाकलं. हे खरं.

कारण मी हिशोब केला होता. उतई, सायकल, पाठीमागून — लोक वाचतील आणि अर्ध्या वाक्यात ओळखतील. पुढच्या गणपतीत मी पाण्याचा घोट घेऊन "गेटावर साऱ्या बाया" म्हणेन तेव्हा हॉलमध्ये कोण हसेल? माझ्याकडे त्या गोष्टीशिवाय होतं काय?

हातभाव सुरू झाला. फिरवायला पुस्तकच नाही, तर प्रणालीनं स्वतःचा मोबाइल फिरवला. लोक तो हातावर तोलून बघत होते! एका वहिनींनी वाससुद्धा घेतला. पहिल्या रांगेतल्या जगताप वहिनी म्हणाल्या, "पोरीच्या रुखवतात मांडता येते का हे? वाचून झालं की बहिणीले देता येते का? नाही ना? मंग अर्धं पुस्तक झालं, अर्धा भाव." त्यांचा मुलगा म्हणाला, "फोन में तो पिक्चर भी फ्री आती है, मग पुस्तकाले पैसे कावून द्यायचे?" निवृत्त फोरमन डोंगरे उठले. ते उठले की हॉल गप्प होतो, माझ्यासारखा आवाजानं नाही, वजनानं.

"पोरी," ते म्हणाले, "मी तुह्यावर राग धरून नाही बोलून राहिलो. हिशोब सांगतो. कागद काहाड. शाई काहाड. बांधणी काहाड, ट्रकचं भाडं काहाड, दुकानदाराचं कमिशन काहाड. मंग सांग, उरलं काय?"

प्रणाली म्हणाली, "मी उरते ना, काका."

एवढंच. आवाज न चढवता. डोंगरे उभेच राहिले. मग त्यांनी मान खाली घातली, वर केली आणि म्हणाले, "बरोबर आहे. दीडशे." आणि बसले. त्यांच्या पाठोपाठ इंदू उभी राहिली. ती मंडळात कधी बोलत नाही. म्हणाली, "मले मोठ्या अक्षरात दिसते. कागदाचं असतं तर कुणाले तरी वाचून दाखव म्हणावं लागलं असतं. काही गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायच्या नसतात. माह्याकडून पूर्ण दीडशे." मग रांगेतून एकामागे एक — दीडशे, दीडशे. रुखवतवाल्या वहिनीसुद्धा. मी असा हातभाव कधी पाहिला नव्हता. न दिसणाऱ्या, न तोलता येणाऱ्या वस्तूला आमची प्लांटची माणसं, टनाशिवाय न बोलणारी, पूर्ण भाव देत होती. अंगावर काटा आला माझ्या. खरंच आला.

फक्त माझा एक शब्द उरला होता.

मी उठलो. हात पसरले. म्हणालो, "मंडळी! आपण लोखंडाची माणसं. आपला एकच धर्म — रिकामी गाडी तोला, भरली गाडी तोला, वजा करा, उरला तो माल!" आणि कापड ओढलं. सोनाराचा काटा बघून हॉल हसायला लागला. मी म्हणालो, "इंदू, तुझा मोबाइल आण."

दुसरा कुणाचाही मागता आला असता. इंदूचाच का मागितला? ह्याचं उत्तर मी कितीतरी दिवस शोधलं. बहुतेक मला सगळ्यांसमोर ती माझ्या बाजूची दिसायला हवी होती.

तिनं आणून दिला. प्रणालीला मी पुस्तक काढून टाकायला लावलं — गाडी रिकामी! काट्यावर ठेवला, आकडा मोठ्यानं वाचला. मग पुस्तक परत टाकायला लावलं — गाडी भरली! ठेवला. तोच आकडा. एक केससुद्धा इकडचा तिकडे नाही. मी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. डोंगरेही हसले. मी म्हणालो, "अरे, ट्रक भरला का धुकं भरलं?"

"भरलं आहे, काका," प्रणाली म्हणाली. तीही हसत होती बिचारी, तिला वाटलं ही नेहमीची मस्करी, शेवटी काका दीडशे म्हणतील. "हे बघा ना, उघडून दाखवते." आणि काट्यावर पडल्या पडल्या तिनं ते बोटानं उघडलं.

आता ऐका. मला ह्या यंत्रातलं काही कळत नाही. माझी समजूत होती, पुस्तक काढलं म्हणजे गेलं. परत टाकलं म्हणजे पहिल्या पानापासून. पण ते पहिल्या पानावर उघडलं नाही. गाडी रिकामी केली, झाडून काढली, पुन्हा भरली — आणि आतला माणूस त्याच जागी बसलेला! पाटीएवढ्या अक्षरात, सोनाराच्या काट्यावर, माझ्या पोटाच्या उंचीला: "त्याला भोंगा ऐकू गेला नसेल, असं ती मनात म्हणाली."

ज्याला वजन नाही त्याला माझा अंगठा कुठे थांबला होता हे आठवत होतं.

प्रणालीनं वाचलं. ती हसायची थांबली. मोबाइल उचलून तिनं इंदूच्या हातात दिला, पडद्याची बाजू वरच ठेवून. इंदूनं चष्मा सावरला. ते पुस्तक तिनं अजून एकदाही उघडलं नव्हतं. ती ओळ तिचीच होती, तिनंच कधीतरी प्रणालीला सांगितलेली. तिनं ती वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. जसं गेटाकडे बघत उभी होती ना, तसं. कुणीतरी आतून येईल म्हणून बघावं, तसं.

हॉलला काहीच कळलं नव्हतं. लोक ओरडत होते, "काटाबाबू, भाव! भाव बोला!"

एक आकडा म्हणायचा होता. तीन अक्षरं. दीडशे.

मी म्हणालो, "हाफ चाय!"

छप्पर उडालं. हे मी फुगवून सांगतो आहे असं समजा, मला तरी ते उडाल्यासारखंच वाटलं. टाळ्या, शिट्ट्या. प्रणालीनं नियमाप्रमाणे हसून मान हलवली. ते हसू मी नंतर कुठल्याच चेहऱ्यावर पाहिलं नाही, आणि पाहायला नको आहे. इंदूनं मोबाइल पिशवीत ठेवला आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसली.

लोकांनी ते अर्ध्या चहाच्या भावात मागितलं. ज्यांना फुकट मिळालं त्यांनी फुकट घेतलं, आणि अर्ध्या चहाच्या वस्तूला माणूस जेवढा वेळ देतो तेवढा दिला. माझी भीती खोटी ठरली. कुणी उतईपर्यंत पोचलंच नाही. नागपूरच्या माणसानं छापायचं रद्द केलं. प्रणालीच्या आईच्या हातात पुस्तक आलं नाही; आता ती माय राहिली नाही. प्रणाली हिंदीत लिहिते, चांगलं लिहिते म्हणतात. रस्त्यात भेटली की "नमस्ते काका" म्हणते. पूर्वी नमस्कार म्हणायची.

भोंग्याची गोष्ट मी त्यानंतर एकदाच सांगायला घेतली, घरीच, पाहुण्यांसमोर. इंदू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली. हाताला कणीक होती. ऐकायलाच आली होती. मी पाण्याचा घोट घेतला आणि दुसरंच काहीतरी सांगितलं.

दुपारी ती ते पुस्तक वाचते. तिला मोठ्यानं वाचायची सवय आहे, शाळेतल्या मुलीसारखं, ओळीखाली बोट धरून. किती वेळा वाचून झालं असेल! मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलेला असतो. ते पान जवळ आलं की मला कळतं. तिचा आवाज तिथे बदलत नाही. घाई करत नाही, थांबत नाही, माझ्या खोलीकडे तोंड वळवत नाही. सरळ वाचते — त्याला भोंगा ऐकू गेला नसेल, असं ती मनात म्हणाली. एवढं प्रेम एका वाक्यात मावतं, आणि ते वाक्य काट्यावर ठेवलं तर आकडा हलत नाही. मी अजून थक्क आहे.

आता जे त्या पुस्तकात नाही ते.

उतईला आम्ही अंगणात पाटावर बसलो होतो. पहिली पाळी करून मी घरी न सांगताच तिकडे गेलो होतो, मित्रानं बकरा कापला होता म्हणून. वारा भिलाईकडून होता. हातातला घास तोंडाजवळ होता तेव्हा मित्राची बायको म्हणाली, "भाऊजी, तुमच्या प्लांटचा भोंगा ना हो? आता कावून वाजून राहिला?"

वेळ भोंग्याची नव्हती, हे मला माहीत होतं. आत काहीतरी झालं असणार असंच मला वाटलं. मी अजून घरी पोचलेलो नाही, म्हणजे इंदू मला आतच समजत असेल, हेही सुचलं. ती धावत गेटावर जाईल, हेसुद्धा.

मी म्हणालो, "वाजू द्या, वहिनी. रस्सा वाढा."

हे खरं. मला भोंगा ऐकू आला होता.